दोन कोटींचं पेव

सांगलीत बसून परदेशी कंपन्यांची कामं करता येतात, पण नातेवाइकांना आपला धंदा समजावून सांगण्यातून सुटका नाही. माझे मामा सातारा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचे चिटबॉय. पद बॉयचं, निवृत्त झाले नातवंडं खेळवत. त्यांना म्हटलं, "ज्यांना जाहिरातीचे मेसेज नकोत, अशांची दोन कोटी नंबरांची यादी आहे. मेसेज सोडण्याआधी प्रत्येक नंबर त्यात आहे का, ते मी बघतो."

"म्हंजे दुपारी डोळा लागला की प्लॉटचा मेसेज धाडणारा तूच व्हय?"

मी त्यांचा नंबर तपासला. यादीत नव्हता. 1909 ला कळवून टाका म्हटलं, तर म्हणाले, "आन् मग प्लॉटचा भाव कसा कळायचा?"

तर मुद्दा शोधण्याचा. जावास्क्रिप्टच्या साध्या अ‍ॅरेत एखादा नंबर हुडकायचा तर पहिल्या ओळीपासून बोट फिरवत जावं लागतं, आणि नंबर यादीत नसेल तर थेट दोन कोटीव्या ओळीपर्यंत. 2015 साली भाषेत ‘सेट’ आला. नववीच्या गणितातला संचच तो, एक घटक एकदाच. आत हॅश टेबल असल्यामुळे यादी शंभराची असो की दहा लाखांची, उत्तर हातोहात. हे सगळं जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या इंजिनाच्या पोटात नेटिव्ह कोडमध्येच चालतं, त्यामुळे लाखांत खेळणाऱ्याने आणखी काही शोधत फिरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण नोडमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एका सेटची मर्यादा 2 चा 24 वा घात, म्हणजे 1,67,77,216. त्यापुढचा एक नंबर घालायला जा, की प्रोग्रॅम जागीच हात वर करतो.

"गटवार याद्या कर की," मामा म्हणाले. उसाच्या नोंदी त्यांनी आयुष्यभर तशाच ठेवल्या. सल्ला बरोबर होता. मोबाइल नंबर 6, 7, 8, 9 नेच सुरू होतात, चार सेट केले की काम भागतं. पण मेमरी? दहा आकडी नंबर 32 बिटांत मावत नाही, म्हणून इंजिन त्याला 16 बाइटांची स्वतंत्र डबी देतं, वर टेबलातली जागा वेगळी. आणि ‘गार्बेज कलेक्टर’ नावाचा झाडूवाला अधूनमधून त्या दोन कोटी डब्या हलवून बघतो, कुठली रिकामी झालीय का. तेवढा वेळ प्रोग्रॅम डुलक्या काढतो.

तेच नंबर सी++ मध्ये चढत्या क्रमाने लावले की प्रत्येकी 8 बाइट, सगळे मिळून 160 एमबी. दरवेळी उरलेल्या यादीच्या मधोमध बघत फार तर पंचवीस ठिकाणी डोकावलं की निकाल. झाडूवाल्याला पत्ताच नाही, कारण माल त्याच्या घरात नाहीच, जमिनीखाली आहे.

हे मामांना हरिपूरला नेऊन सांगितलं. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव हळद साठवायच्या जमिनीतल्या पेवांचं. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र ऐसपैस. 2005 च्या महापुराने त्यातली बरीच बुडवली. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही, आतली कोंडलेली हवा जीव घेते. तोंड उघडं ठेवून वाट बघायची. तेव्हा फोडणीच्या चिमूटभर हळदीसाठी कुणी पेव उघडत नसतं.

सी++ चं तसंच. एकेक नंबर घेऊन जावास्क्रिप्टमधून खाली उतरायचं, विचारायचं, वर यायचं, यात हेलपाट्यांचाच खर्च शोधण्यापेक्षा जास्त. दहा हजारांचा गठ्ठा एकदम खाली सोडावा. शिवाय जावास्क्रिप्टसाठी सी++ लिहा, ते बांधायला पायथन लागतं म्हणून पायथन बसवा, आणि मॉड्यूल जुन्या धाटणीचं असेल तर नोडची आवृत्ती बदलली की पुन्हा सगळं मांडून बसा. मामा म्हणाले, "कारखान्यावर बी एका सहीसाठी तीन सह्या लागायच्या."

हल्ली मात्र अशा सी++ मधल्या नेटिव्ह मॉड्यूलांचं पेवच फुटलंय. परवा कराडचा एक नवा पोरगा महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या यादीसाठी नेटिव्ह सेट मागत होता. छत्तीस नावं. मी साधा अ‍ॅरे लावून दिला. दोन दिवस माझ्याशी बोलत नाही.