बागवाले अण्णा आणि सदर बोका

लातूरच्या औसा रोडला असो की नांदेडच्या तरोड्यात, प्रत्येक कॉलनीत एक बागवाले अण्णा असतातच. पाटबंधारे किंवा जिल्हा परिषदेतून निवृत्त, पेन्शन वेळेवर, पोरं पुण्याला आणि घरापुढं खोलीएवढा मातीचा तुकडा. त्यात मोगरा, कढीपत्ता, चार वांगी आणि मेथीचा वाफा. नोकरीत फाइल हलवायला कंटाळणारे अण्णा आता माती चाळणीनं चाळतात, गांडूळखत कालवतात, तळहातानं वाफा सारखा करतात.

मांजराला आणखी काय पाहिजे? आधी उकरायचं, कार्यभाग उरकायचा, मग माती लोटून झाकायचं, ही त्याची रीत. कॉलनीत बाकी सगळीकडं फरशी नाहीतर पेव्हर ब्लॉक. भुसभुशीत जागा एकच. पण हे अण्णांना सांगायची सोय नाही. त्यांच्या मते हे शेजाऱ्यांचं कारस्थान.

मग पहाटे पंचनामा. "मेथीच्या वाफ्यात, ईशान्य कोपऱ्यात, सदर बोक्यानं..." पेपर टाकणारा पोरगा पंच क्रमांक एक, दूधवाला क्रमांक दोन. दूधवाला वाकून बघतो. "अण्णा, म्हशीचं असतं तर गवऱ्या तरी थापल्या असत्या. ह्याचं काय करताव?" अण्णा खुरप्यावर ऐवज उचलतात, हात बागेत, नाक रस्त्यावर.

उपाय सगळे झालेत. फाटकाला निळीच्या पाण्याची बाटली टांगली, बोका तिला अंग घासून आत आला. संत्र्याची सालं टाकली, ती वाळली. गंजगोलाईतून तिखट आणलं, ते काकूंनी परस्पर डब्यात भरलं. डांबरगोळ्या मात्र टाकता टाकता राहिल्या. पोटात गेल्या तर मांजर मरेल, असं काकूंनी बजावलं. मांजर मेलं की काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, आणि सोन्याचा भाव अण्णा रोज पेपरात वाचतात.

खरं तर वाफ्यावर कोंबडीजाळी आडवी अंथरली की काम होतं. मेथी जाळीतून वर येते, मांजराला उकरता येत नाही. जाळी अण्णांकडं आहे, माळ्यावर, गुंडाळी करून ठेवलेली. पण ती अंथरली तर पहाटे पाचला उठून करायचं काय? शिवाय २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा, ज्यानं भांड्यांच्या खरकट्या पाण्यावर मोगरा जगवला, तो माणूस एका बोक्यापुढं जाळी पसरेल होय!

नांदेडचे व्याही याच पंथातले. महसूल आयुक्तालय लातूरला की नांदेडला, यावरून २००९ मध्ये दोन्हीकडं वाद पेटला, तो या दोघांच्यात अजून विझलेला नाही. त्यामुळं सणावाराच्या फोनवर बोलायला सुरक्षित विषय एकच.

"आमच्याकडचा बोका फार माजलाय बघा," अण्णा परवा म्हणाले.

"एकच येतो?" व्याह्यांचा आवाज कीव केल्यासारखा. "आमच्याकडं तीन येतात."

अण्णांनी फोन ठेवला, जेवणात लक्ष लागलं नाही. आयुक्तालयाचं ठीक होतं, तो मंत्रालयातला मामला.

दुसऱ्या दिवशीच्या पंचनाम्यात बोके चार. पेपरवाल्या पोरानं न बघता सही केली.