चाहत्यांचा मॉड करावा कसा आणि त्याची गोष्ट बिघडवावी कशी

होतकरू मॉडकारांनो, मॉड म्हणजे दुसऱ्याच्या गेमवर चाहत्यांनी चढवलेलं बांधकाम, तेव्हा सर्वप्रथम मूळ गेम नीट पारखून घ्या. ज्याची गोष्ट मुळातच सुमार आहे असा गेम घेऊ नका. तिथे तुमचं कर्तृत्व उठून दिसणार नाही. या मार्गदर्शनापुरता आपण ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ घेऊ. अणुयुद्धानंतरच्या मोहावे वाळवंटात घडणारा हा गेम ऑब्सिडियनने 2010 साली केला. सुमारे 65,000 संवादांसाठी त्याची गिनीजमध्ये नोंद झाली आहे. शिवाय या गेमची जगं रचण्याचं ‘गेक’ नावाचं साधन फुकट मिळतं, म्हणजे भांडवल लागत नाही. लागतात ती वर्षं, आणि ती हौशी माणसाकडे निदान सुरुवातीला तरी मुबलक असतात.

मोडतोड करण्याआधी काय मोडायचं आहे ते जवळून बघून घ्यावं. न्यू व्हेगासचा नायक एक कुरिअर. त्याच्या डोक्यात गोळी घालून त्याला गावाबाहेरच्या दफनभूमीत पुरलेलं असतं. डॉक्टर मिचेल त्याला वाचवतो, बरं करतो आणि दाराबाहेर सोडतो. आईबाप कोण, गाव कोणतं, बायकामुलं आहेत की नाहीत, काही सांगायची कुणाला गरज वाटत नाही. गुडस्प्रिंग्ज नावाच्या त्या गावात लगेच एक भानगड समोर येते. रिंगो नावाचा व्यापारी बंद पेट्रोल पंपात लपलाय आणि जो कॉब नावाचा गुंड त्याच्या जिवावर उठलाय. रिंगोला वाचवा, कॉबला सामील होऊन गाव ताब्यात घ्या, नाहीतर दोघांनाही रामराम ठोकून चालू लागा. वाचवायचं ठरवलं तर गावकऱ्यांना एकेक करून राजी करावं लागतं. तुमचं स्फोटकांचं कौशल्य 25 असेल तर म्हातारा पीट डायनामाइट काढून देतो. नसेल तर साफ नाही म्हणतो, कारण अडाण्याच्या हाती दारूगोळा द्यायला तो काही वेडा नाही. चेट नावाच्या दुकानदाराकडून चिलखत मिळवायला व्यापारातली गती लागते. आणि हाच खेळ शेवटपर्यंत चालतो: हूव्हर धरणावर लीजन नावाच्या फौजेचा सेनापती लॅनियस आडवा येतो, तेव्हा बोलण्याचं कौशल्य 100 असलेला खेळाडू त्याला हत्यार न उचलता माघारी पाठवू शकतो.

हे सगळं आपल्याला निकालात काढायचं आहे. पण घाई नको.

आधी उत्तम बाजू उभी करा. ही पायरी गाळलीत तर मॉड नुसताच वाईट होईल, आणि नुसत्या वाईट मॉडकडे कुणी ढुंकून बघत नाही. लोकांना हळहळ वाटली पाहिजे. या बाबतीत ‘फॉलआउट: द फ्रंटिअर’ हा आदर्श डोळ्यांपुढे ठेवा. सात वर्षं खपून चाहत्यांनी केलेला हा मॉड जानेवारी 2021 मध्ये आला. वाळवंट सोडून त्यांनी बर्फात गोठलेलं पोर्टलंड उभं केलं. त्याहून मोठी करामत म्हणजे चालवता येणारी वाहनं. या इंजिनात वाहन हा प्रकारच नाही. ‘फॉलआउट 3’ च्या अधिकृत विस्तारात मेट्रोचा डबा दाखवायची वेळ आली, तेव्हा पगारी मंडळींनी तो डबा चिलखताचा नग म्हणून खेळाडूच्या अंगावर चढवला आणि त्यालाच रुळांवरून पळवलं. जिथे व्यावसायिकांनी अशी वेळ मारून नेली, तिथे बिनपगारी पोरांनी गाड्या धावत्या केल्या. हे वाचून तुमची छाती फुगली असेल तर तिचा उपयोग पुढच्या टप्प्यात होणार आहे.

आता पथक जमवा. इथे एक अर्थशास्त्र ध्यानात ठेवावं: तुम्ही कुणालाही पगार देणार नाही. हौसेला मोल नाही म्हणतात, पण मोबदला असतो आणि तो गोष्टीतून वळता केला जातो. गणेशोत्सवातल्या नाटकात भरघोस वर्गणी देणाऱ्याच्या मेव्हण्याला जसा भालदार करावाच लागतो, तसंच इथे. ज्याने दोन वर्षं बर्फाचे ढिगारे रचले, त्याच्या मनातली गूढ तलवारधारी स्त्री आत घ्यावीच लागते. ज्याने बंदुकांना गंज चढवला, त्याला एक सडेतोड सेनापती हवा असतो. ‘आपला तो बाळ्या’ या न्यायाने प्रत्येकाचं पात्र प्रत्येकाला प्यारं. सगळी पात्रं घ्या. काटछाट करणारा संपादक मात्र चुकूनही नेमू नका. गाडीचं चाक जमिनीत रुतलं तर शंभर जण तक्रार करतात आणि ते दुरुस्त होतं. संवाद रुतला तर तो लिहिणारा रुसतो, आणि त्याच्याबरोबर त्याचे बर्फाचे ढिगारेही जातात. म्हणून सगळ्यांच्या मते संवाद उत्तम असतो.

मग नायकाला हात घाला. कोऱ्या नायकात खेळाडू स्वतःला भरतो, ही त्याची जुनी खोड आहे. ती मोडून काढा. नायकाला भूतकाळ द्या, जमल्यास दैवी निवड द्या. ‘फॉलआउट: न्यू कॅलिफोर्निया’ या 2018 च्या मॉडने कुरिअरचं पूर्वायुष्यच रचलं. भूमिगत व्हॉल्टमधल्या चेंडूच्या सामन्यात तुम्ही स्टार खेळाडू असता, आणि अंगावर येणाऱ्या गड्याला भिडता की हुलकावणी देता यावर तुमची पुढची वाट ठरते. कल्पना नामी आहे, हे मान्य करायला हवं. पण स्टार म्हणून सुरू झालेला माणूस पुढे कुणाच्या दारात नवखा म्हणून उभा राहू शकत नाही, आणि आपल्याला तेच हवंय. कुणी नाक मुरडलंच तर ‘लोनसम रोड’ दाखवा. 2011 च्या त्या अधिकृत विस्तारात खुद्द मूळ लेखकांनी कुरिअरला भूतकाळ चिकटवला आणि युलिसिस नावाच्या गृहस्थाला तो उगाळायला बसवलं. थोरांनी मळलेली वाट आहे.

प्रस्तावना लांब ठेवा. नमनाला घडाभर तेल हे प्रमाण जुन्या काळचं झालं. आता पिंप लागतं. पहिला तासभर खेळाडूच्या हाती काही देऊ नये. त्याला चालवत न्या, बसवून ठेवा, कुणीतरी रेडिओवरून कर्तव्याबद्दल बोलत राहू दे. फ्रंटिअरमध्ये लीजनच्या विरोधातल्या एनसीआर या गटाच्या बाजूने गेलात की असाच थाट आहे: रणगाडे, स्फोट, हुकूम, पुन्हा स्फोट. बघायला खरोखर झकास. पण तुमचं स्फोटकांचं कौशल्य 25 आहे की 90, याच्याशी गोष्टीला सहसा देणंघेणं नसतं. लीजनच्या बाजूची कथा बरीच सावरलेली आहे असं माझं मत, म्हणून ती नमुन्यादाखल घेऊ नये.

संवादाचे पर्याय मात्र भरपूर ठेवा. चार तरी हवेत: ‘हो’, ‘अर्थात हो’, ‘चेष्टा करत हो’ आणि ‘आधी पैसे, मग हो’. ‘नाही’ म्हणू दिलंत तर गेकमध्ये त्या नाहीची वेगळी शाखा बांधावी लागते, तिच्या अटी लिहाव्या लागतात, आणि ज्याने घरच्या कपाटात शिरून आवाज दिला त्या कलाकाराला परत शोधावं लागतं. तो तोपर्यंत नोकरीला लागून माइक विकून मोकळा झालेला असतो. म्हातारा पीट आणि त्याचा नकार असले लाड मूळ गेमला परवडतात.

काही वाया गेलेल्या उदाहरणांपासून सावध राहा. मेलबर्नमधल्या एका वकिलाने ‘स्कायरिम’ या गेमसाठी ‘द फरगॉटन सिटी’ हा मॉड केला. 2015 मध्ये तो आला. जमिनीखालचं एक शहर, नियम एकच: एकाने पाप केलं की सगळे मरणार, आणि काळाच्या फेऱ्यात तुम्ही तोच दिवस पुन्हापुन्हा जगणार. त्याला वाहनं सुचली नाहीत, नवा खंड सुचला नाही. गावातल्या माणसांशी बोलायचं आणि कोण कशाला मोहात पडेल हे हुडकायचं, एवढंच. परिणामी 2016 मध्ये त्याला ऑस्ट्रेलियन रायटर्स गिल्डचा पुरस्कार स्वीकारावा लागला, आणि पुढे वकिली सोडून 2021 मध्ये तोच स्वतंत्र गेम म्हणून बाजारात आणावा लागला. लहान जागा, एक नियम आणि कात्री हाताशी असली की असं होतं.

प्रकाशनाच्या दिवशी टीका येईल. फ्रंटिअरवर इतकी आली की एक पात्र आणि काही संवाद काढून टाकावे लागले. तुम्ही खचू नका. पहिलं उत्तर ‘फुकट आहे ना?’ हे ठेवा. ते खरंही आहे, आणि समोरच्याला खरोखर लाजवतं. दुसरं, ‘गाड्या चालवून बघितल्या का?’ त्याने बघितलेल्या असतात. त्याला त्या आवडलेल्याही असतात. तो त्याच गाडीत बसून सेनापतीचं भाषण संपायची वाट बघत असतो. त्याच्याशी वाद घालण्यात वेळ न दवडता पुढच्या मॉडचा ट्रेलर त्याच आठवड्यात काढा. पटकथेचं नंतर बघता येईल. बर्फवाल्याला यावेळी समुद्र करायचाय, आणि त्याच्याकडे एक जलपरी आहे.