मधुबाला, बाजूला सरा. बोनेट दिसू द्या!

मधुबाला पावसात चिंब भिजून रात्री गॅरेजात आलीय. गाडी बंद पडलीय, केसांतून पाणी निथळतंय, किशोरकुमार पान्याचा ताल धरून गाणं म्हणतोय. अशा वेळी भल्या माणसानं काय करावं? मुकाट्यानं मधुबालाकडं बघावं. पण आमच्या ताडकळसात एक गृहस्थ आहेत (नाव सांगत नाही, बाजारात तोंड दाखवायचं आहे), ते नेमका तिथंच मोबाइल थांबवतात, दोन बोटांनी चित्र ताणतात आणि म्हणतात, "ही बाई जरा बाजूला सरली असती ना, तर पुढची जाळी दिसली असती बघा!"

काय म्हणावं याला? मधुबालाला बाजूला सारणारा माणूस आमच्याच पूर्णा तालुक्यात निपजावा?

बरं, एकटे असते तर उन्हाचा परिणाम म्हणून सोडून दिलं असतं. परभणीचा मे महिना कोणाला काय करायला लावेल सांगता येत नाही. पण ही लागण आहे हो. एसटीतून निवृत्त झालेले एक मामा आहेत, गॅरेजवाला मिस्त्री आहे, खताच्या दुकानात बसणारा एक पदवीधर पोरगा आहे. पूर्वी हे लोक सोयाबीनच्या भावावरून चहा थंड करायचे. आता भांडण कशावरून, तर शम्मी कपूरच्या मागं उभी असलेली गाडी इम्पाला होती की बेल एअर! पिक्चरातल्या खलनायकाला फाशी झाली की जन्मठेप, यांना पत्ता नसतो. तो पळाला ती गाडी कोणत्या कंपनीची, कोणत्या सालची आणि तिचे मागचे दिवे मूळचे की चोरबाजारातून आणून बसवलेले, एवढं मात्र तोंडपाठ.

गृहस्थांच्या सौभाग्यवती, आमच्या काकू, परवा पदर तोंडाला लावून सांगत होत्या, "आमच्या यांना लग्नात मी कोणत्या रंगाचा शालू नेसले होते ते आठवत नाही. पण वरातीला आणलेली फियाट 'डिलाइट' होती, 'प्रेसिडेंट' नव्हती, हे झोपेतनं उठवलं तरी सांगतेत." चाळीस वर्षांचा संसार आणि ही परतफेड!

आता मूळ पाप कोणाचं, ते बघू. मी तरी 'चलती का नाम गाडी'वर बोट ठेवते. साल १९५८. तीन गांगुली भाऊ, एक गॅरेज, आणि १९२८ ची एक खटारा शेवरोले. पिक्चरात अशोककुमार आहे, अनुपकुमार आहे, मधुबालाचा तर विषयच नको. पण शेवटच्या शर्यतीत सगळ्यांचा जीव अडकतो तो त्या खटाऱ्यात. आमच्या मिस्त्रीला मात्र त्या पिक्चरातली एकच गोष्ट पटते. रात्री-बेरात्री गाडी दुरुस्त करून दिली आणि बाई ५ रुपये १२ आणे न देताच निघून गेली. "बाकीचं सगळं खोटं असंल," तो म्हणतो, "पण बिल बुडालं हे शंभर टक्के खरं."

त्याच साली तिकडं बंगालात ऋत्विक घटक यांनी कहर केला. 'अजांत्रिक' नावाचा पिक्चर काढला. त्यात बिमल नावाचा टॅक्सीवाला आणि त्याची १९२० ची शेवरोले. गाडीचं नाव जगद्दल. हा बिमल गाडीशी बोलतो, तिच्यावर रुसतो, तिची समजूत काढतो. गावातली माणसं त्याला वेड्यात काढतात, तर याला त्याचं काहीच नाही! शेवटी जगद्दल भंगारात जाते. काकूंनी सगळ्यांना बजावून ठेवलंय, की हा पिक्चर आमच्या यांना दाखवाल तर गाठ माझ्याशी आहे. घरात आधीच कमी बोलतात.

पण सगळ्यात मोठा आघात 'आराधना'चा. मामांनी एकदा भर चहात जाहीर केलं, की त्या दार्जिलिंगच्या गाण्यात खरी नायिका जीप आहे. आम्ही सगळे चूप. आगगाडीच्या खिडकीत शर्मिला टागोर पुस्तक वाचत बसलेली, शेजारून राजेश खन्ना जीपमधून गाणं म्हणत चाललेला, अख्ख्या देशानं १९६९ पासून ते डोळे भरून बघितलेलं, आणि हे म्हणतात जीप! तर मामांनी पुरावा काढला. शर्मिला त्या वेळी सत्यजित राय यांच्या चित्रपटात अडकलेली होती, तिचे तुकडे नंतर स्टुडिओत वेगळे काढून जोडले. "मग दार्जिलिंगच्या घाटात खरोखर कोण गेलं होतं?" मामांनी बशी खाली ठेवून विचारलं. राजेश खन्ना, सुजितकुमार आणि जीप. यावर कोण काय बोलणार? वर्षानुवर्षं जिच्यासाठी उसासे टाकले ती बाई तिथं नव्हतीच, हे कळून दोघं-तिघं न बोलता उठून गेले.

मराठी माणूस यात मागं राहिला असेल असं वाटतं का तुम्हाला? भगवान दादांचं घ्या. भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. १९५१ ला 'अलबेला' आला, गीता बालीबरोबर पाय हलवले आणि पैशाचा पाऊस पडला. जुहूला बंगला आणि दारात सात गाड्या, आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक, असं सांगतात. आपल्याकडं वार बदलला की उपास बदलतो. दादांकडं गाडी बदलायची. पुढं पिक्चर पडले, बंगला गेला, गाड्या गेल्या आणि दादा दादरच्या चाळीत परतले, ते २००२ मध्ये शेवटपर्यंत तिथंच. हे सांगताना तुमच्या-माझ्या घशात आवंढा येतो. आमचा खतवाला पोरगा काय विचारतो? "त्या सात गाड्या पुढं कोणाकडं गेल्या?" अरे, माणूस गेला, गाड्यांचं काय घेऊन बसलास!

यांच्यात पुन्हा सोवळं-ओवळं आहे, तेही ऐका. जगभरच्या जाणकारांच्या हिशेबानं १९१९ ते १९३० मधली गाडी तीच व्हिंटेज. नंतरची कितीही देखणी असो, ती क्लासिक. मुंबईत 'व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया' आहे, त्याच्या फेरीत जुन्या गाड्या निघाल्या की बघायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गर्दी होते. आमचे गृहस्थ तिथं एकदा जाऊन आले. तेव्हापासून दारातल्या कोणाच्याही गाडीला 'आधुनिक' म्हणतात, आणि ते शिवीसारखं म्हणतात.

चुका काढणं हा तर यांचा धर्म. पडद्यावर 'चले जाव'च्या घोषणा चालल्यात, लाठीमार होतोय, आपले डोळे पाणावलेत, आणि शेजारून आवाज येतो, "मागं बघा, अ‍ॅम्बेसेडर!" अ‍ॅम्बेसेडर १९५७ ची. इंग्रज जाऊन दहा वर्षं झाल्यावर जन्मलेली गाडी १९४२ च्या चळवळीत भाग घेते, म्हणून हे लोक दिग्दर्शकाला देशद्रोही ठरवतात. २०१४ ला ती गाडी बंद झाली आणि २०१७ ला तिचं नुसतं नाव एका फ्रेंच कंपनीनं ८० कोटींना घेतलं. नुसतं नाव! गाडी नाही, चाक नाही. आमच्याकडं नाव ठेवायला कोणी पैसे घेत नाही, फुकट ठेवतात.

आणि पद्मिनी? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात तयार झालेली. मुंबईचा कोणताही जुना पिक्चर लावा, ती काळ्यापिवळ्या रंगात मागून गेल्याशिवाय राहत नाही. 'सिंहासन' बघताना लोक निळू फुल्यांचा दिगू बघतात. हे मागच्या पद्मिनी मोजतात. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २००३ ची, टॅक्सीला मुदत २० वर्षांची. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी आमच्या गृहस्थांनी दाढी केली नाही. काकू म्हणाल्या, "माझ्या माहेरचं कोणी गेलं तेव्हा दुपारी हजामत करून आले होते."

तुम्ही म्हणाल, खेड्यातली रिकामी माणसं. तसं काही नाही. अमेरिकेत १९६८ ला 'बुलिट' नावाचा पिक्चर आला. स्टीव्ह मॅक्वीन हिरव्या मस्टँगमध्ये बसून सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर खलनायकाच्या काळ्या डॉजचा पाठलाग करतो. शहाण्यांनी तिथं व्हील कॅप मोजल्या! गाडीला चाकं चार, पण डॉजच्या व्हील कॅप त्याहून जास्त उडतात. एक हिरवी बीटल दर वळणावर पुन्हा पुन्हा मागं पडते. आणि खुद्द ती मस्टँग १९७४ ला एका कुटुंबानं सहा हजार डॉलरला घेतली. घरातली बाई ती घेऊन शाळेत शिकवायला जायची. मॅक्वीननं १९७७ ला पत्र लिहून गाडी परत मागितली, तर दिली नाही. स्टीव्ह मॅक्वीनला नाही म्हणाले! जानेवारी २०२० मध्ये लिलाव झाला, ३७ लाख ४० हजार डॉलर. त्या वेळचे २६ कोटी रुपयांच्या वर. हे ऐकल्यापासून आमच्या मिस्त्रीनं दारातल्या पडीक गाड्यांकडं बघायची नजर बदललीय.

आमच्या हक्काची तर एक गाडी हैदराबादला अडकलीय. सहाव्या निजामानं रोल्स रॉइस मागवली, पिवळी, आत सिंहासन. १९११ ला तो वारला, गाडी नंतर पोचली आणि सातव्यानं ती खास समारंभापुरती वापरली. आज चौमहल्ला पॅलेसात उभी आहे. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्याच अमलाखाली. आमच्या पणजोबांनी भरलेल्या शेतसाऱ्यातून तिचा एक तरी दिवा आला असणार, असं मामांचं म्हणणं. अर्ज करायचं चाललंय.

इथवर मी हसत सांगत होते. पण या पिक्चरी वेडाचा एक प्रकार मात्र खरोखर लाज आणणारा आहे. लग्नसराईत बघा. नवरदेव 'व्हिंटेज'मधून येतो. लांब नाक, गोल दिवे, बाजूला स्टेपनी, सोनेरी पट्ट्या, आणि खाली काय? कुठल्या तरी जीपचा नाहीतर व्हॅनचा सांगाडा, वर पत्रा ठोकून बसवलेला. नवरानवरी त्यात जुन्या पिक्चरासारखे फोटो काढतात आणि भाडं मोजतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं केलेल्या गाडीत असे मनमानी बदल चालत नाहीत, पण वरातीत कलम कोण वाचतो? गृहस्थ अशा गाडीला पाठ दाखवून जेवायला बसतात, आणि या एका बाबतीत मी त्यांच्या पंगतीला आहे. खोट्याला हार-तुरे आणि खरी गाडी गोठ्यात, कोंबड्या बसायला!

कारण खरी आहे हो, गावोगाव आहे. १९७३ ला 'बॉबी'त ऋषी कपूर-डिंपल ज्या बुटक्या राजदूतवर फिरले, ती जीटीएस त्या काळी हौसेनं घेतलेले लोक होते. ती आता पन्नाशीची झाली. आणि २०२१ पासून केंद्राचा नियम आहे: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, खासगी वापराची, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी कायद्यानं व्हिंटेज. नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात एमएचपुढं 'व्हीए'. रोज बाजाराला न्यायची नाही, भाड्यानं लावायची नाही; प्रदर्शन, फेरी, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची.

तेव्हा ताडकळसकरांनो आणि आसपासच्या मंडळींनो, भंगारवाला दारात आला की त्याला जरा ओट्यावर बसवा, पाणी द्या आणि आत जाऊन आजोबांची ट्रंक उघडा. जुनं आरसी बुक सापडलं तर गाडी विकू नका. अर्जाला तेच लागतं. आणि सापडलं की आधी काकूंना सांगा, गृहस्थांना नको. ते रात्रीच येऊन बसतील.