जगात जर्मनी, भारतात येलदरी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण परभणीकर इतक्या बिनदिक्कत फेकतो की कधी तरी एखादा जर्मन खात्री करून घ्यायला येणारच. समजा, आला. जिंतूरहून त्याला थेट येलदरीच्या धरणावर नेलं, कारण जर्मनीची मान खाली जाईल असा ऐवज तिथेच आहे : धूर न काढता होणारी वीज.

पूर्णा नदीवरचं हे मातीचं धरण १९६८ साली पूर्ण झालं. पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच, म्हणजे एकूण साडेबावीस. देशात विजेचं एक युनिट तयार होताना सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तिन्ही संच तासभर पूर्ण ताकदीनं फिरले, तर पंधरा-सोळा टन वायू वाचला. यजमानानं हा गुणाकार मोबाइलवर करून दाखवला. पाहुणा भारावला आणि संच पाहू म्हणाला.

संच बंद होते.

“आवर्तन सुटलं की फिरतेत साहेब,” यजमान म्हणाला. येलदरीत वीज ही पाण्याची पाहुणी. पाणी निघतं ते खालच्या सिद्धेश्वर धरणाकडे, तिथून कालव्याला; वाटेत टर्बाइनला हात लावून जातं, एवढंच. धरणाची एकूण क्षमता ९३४ दलघमी, पैकी सव्वाशेच्या आसपास मृतसाठा. वाईट वर्षात हा मृतसाठाच सगळ्यांना जगवतो. तेव्हा काठावरच्या काळ्या गाळाला बोटभर रुंदीच्या भेगा पडतात, आणि खडकांवर पाणी कुठवर होतं त्याच्या पांढुरक्या रेघा एकाखाली एक उतरत जातात. अशा वर्षी येलदरीचं कार्बन उत्सर्जन शून्य असतं. युनिटही शून्यच असतात, पण अहवालात पहिला आकडा आधी लिहावा.

“मग कोळसा वापरत असाल,” पाहुण्यानं सुटकेचा मार्ग सुचवला. मराठवाड्याचा कोळसा परळीला जळतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचं औष्णिक केंद्र बंद पडलं, जुलै २०१५ मध्ये पुन्हा पडलं. दोन्ही वेळा पाण्यावाचून. चूल आणि सरपण जागेवर, आधणालाच पाणी नाही! स्वच्छ वीज आणि मळकी वीज दोघी एकाच ढगाकडे डोळे लावून बसलेल्या, अशी समता दुसऱ्या प्रांतात सापडायची नाही.

पाहुण्याचीही पाटी कोरी नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये जर्मनीनं शेवटच्या तीन अणुभट्ट्या विझवल्या, कोळशाला मात्र कायद्यानं २०३८ पर्यंतची मुदत दिलेली. त्याच वर्षी जानेवारीत लुत्सेराथ नावाचं गाव तपकिरी कोळशासाठी पोलीस घालून रिकामं केलं. “आमची गावं पाण्याखाली गेली, तुमची कोळशापायी,” यजमान म्हणाला. दोघांचं पहिल्यांदाच जुळलं.

वर्षाला माणशी कार्बन डायऑक्साइड जर्मनीत साधारण सात टन, भारतात दोन. म्हणीतला क्रम इथे तंतोतंत बसतो.

मग झाडांचा विषय निघाला, तो निघायला नको होता. परभणी जिल्ह्यात वनक्षेत्र जेमतेम एक टक्का. २०१९ साली राज्यानं ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला. आकडा देवांचा होता, त्यामुळे मोजायला कोण धजावणार? खड्डा तोच, रोप नवं, हा विनोद गावोगाव इतका जुना झालाय की त्यालाच एव्हाना पालवी फुटली असेल. हवाई बेटावरच्या मौना लोआत मात्र १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात, आणि तिथल्या यंत्राला शासन निर्णय वाचता येत नाही. येलदरी पूर्ण झालं तेव्हा दहा लाख भागांत ३२३ भाग होते. आता ४२० च्या पुढे.

“पण पिकाला तोच वायू लागतो ना?” यजमानानं शेवटचं पान टाकलं. लागतो. फक्त ज्वारी हुशार. हा वायू पानात कोंडून घ्यायची सोय तिच्याकडे उपजत आहे, म्हणून हवेतल्या जादा वायूचं तिला फारसं अप्रूप नाही. बांधावरच्या गाजर गवताला मात्र तो मानवतो. अनुदान पात्र माणसाला सोडून भलत्यालाच मिळावं, ही रीत हवेलाही कळली म्हणायची.

ऊन चढलं होतं. यजमानानं गोटी सोडा मागवला. अंगठ्यानं गोटी आत दाबली, फस्स झालं आणि पाहुणा दचकून मागे सरला.

“हाच तुमचा वायू,” यजमान म्हणाला. पेयांसाठीचा कार्बन डायऑक्साइड मळीपासून अल्कोहोल बनवणाऱ्या डिस्टिलऱ्यांतूनही येतो. यीस्ट साखर खातं आणि जवळजवळ समान वजनाचे दोन माल देतं, अल्कोहोल आणि हा. साखर उसाची, उसानं वायू घेतलेला हवेतून. म्हणजे बाटलीतला वायू गेल्या हंगामात एखाद्या फडावरून वाहतही असेल.

पाहुण्यानं बाटली संपवली आणि एक भरघोस ढेकर दिला. ऊस मराठवाड्याचा, पोट जर्मनीचं. ढेकर कुणाच्या खात्यावर मांडायचा, यावर दोघांची वादावादी जिंतूरच्या स्टँडपर्यंत चालू होती.