डुलॅलीचा ताप, आता ऑनलाइन

इंग्रजी भाषेला देवळाली कॅम्पने एक शब्द बहाल केला आहे: ‘डुलॅली’, म्हणजे डोकं फिरलेला. इंग्रज अमदानीत मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत इथे थांबत. जहाजं सुटायची ती हिवाळी हंगामात. आधी येऊन पोचलेल्याला महिनोन्महिने ना काम, ना खबर. मग ‘डुलॅली टॅप’ चढायचा. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपलाच ताप. ज्या गावी मुंबईकर हवापालटाला येतात, तिथे माणसं वेडी व्हावीत यात हवेचा काय दोष? तारीख न सांगता ताटकळत ठेवलं की कुठेही हेच होणार. हा आजार इंग्रजांबरोबर बोटीत बसून गेला, असा आपला समज होता. कार्यालयीन सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी त्याला सन्मानाने परत आणलं.

रोगाचं मूळ पडद्यांच्या क्रमात आहे. अर्जदाराचा हिशेब सरळ असतो: काय लागेल, किती पैसे, कधी मिळेल? कार्यालयाचा हिशेब निराळा: आवक, लिपिक, अधीक्षक, साहेब, जावक. सॉफ्टवेअरवाले हा दुसरा हिशेब उतरवून घेतात, प्रत्येक टेबलाचा एकेक पडदा करतात आणि त्या वरातीला ‘फ्लो’ म्हणतात. मग कोणती कागदपत्रं हवीत हे सातव्या पडद्यावर कळतं, ती शोधेपर्यंत सेशन संपतं, आणि सगळं पार पडून सबमिट झालंच तर ‘अंडर प्रोसेस’ अशी आकाशवाणी होते. पूर्वी निदान शिपाई तरी सांगायचा, ‘साहेब जेवायला गेलेत.’

यावर उत्तर ठरलेलं: नियमच किचकट, त्याला आम्ही काय करणार? पण राज्याच्या 2015च्या लोकसेवा हक्क अधिनियमात प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आहे, जबाबदार अधिकारी आहे, वर तीन अपिलांची सोय आहे. म्हणजे नियमाला तारीख ठाऊक आहे. लाजतो तो पडदा. दुसरं उत्तर, लोकांना संगणक कळत नाही. हेच लोक रेल्वेच्या वेटिंग लिस्टचा आकडा त्रेचाळीसवरून सतरावर आला की बॅग भरायला घेतात. आकडा हलताना दिसला की माणूस धीर धरतो. तिसरं उत्तर मात्र प्रामाणिक आहे: फाइल कुणाकडे हे दिसलं, तर लोक त्याच्या मागे लागतील. लागू द्या की! फाइल पुढे सरकवली की तेही पुढच्या टेबलाकडे सरकतील.

16 फेब्रुवारी 2021 रोजी देशातल्या 62 कॅन्टोन्मेंट बोर्डांसाठी ‘ई-छावणी’ पोर्टल सुरू झालं, त्यात देवळालीही आली. खिडकीवरची रांग घरात आणणं हे चांगलंच काम. पण असं कुठलंही सॉफ्टवेअर पास करण्याआधी त्याची परीक्षा देवळालीतच घ्यावी आणि एकच प्रश्न विचारावा: माझा अर्ज कुणाकडे आणि कधीपर्यंत? उत्तर पहिल्या पडद्यावर नसेल, तर इंग्रजी शब्दकोशात ‘डुलॅली’समोर लिहावं लागेल, ‘आता ऑनलाइनही उपलब्ध’.