दोन एमबीचं दार
नीरा डाव्या कालव्याचं पाणी वरच्या दारांवरच अडलं, की इंदापूरकडचं शेपूट कोरडं पडतं, हे बारामतीतलं शेंबडं पोरही सांगेल. ऑनलाइन अर्ज घेणाऱ्या सर्व्हरच्या दाराकडे मात्र कोण बघतो? चढवायच्या फाइलला तिथल्या इंजिनएक्स या सॉफ्टवेअरची मूळ मर्यादा १ एमबी, पीएचपीची २. बसवणाऱ्याने आकडे बदलले नाहीत तर तेच कायम. अर्जावर मात्र ऐटीत लिहिलेलं: ‘५ एमबीपर्यंत चालेल’. डाळिंबवाला सातबारा चढवायला जातो आणि ‘४१३’, म्हणजे ‘फाइल फार मोठी’, घेऊन परततो. मग सेवा केंद्रातला पोरगा फाइल इतकी दाबतो, की गट नंबरच पुसला जातो. ती बरोब्बर चढते! छाननीत शेरा: अस्पष्ट, पुन्हा जोडा. आणि चढलेल्या सातबाऱ्यांचा फोल्डर? तो साऱ्या जगाला उघडा. तिथं कुलूप लावायचं राहूनच गेलंय.