सुई खरी, सुई खोटी

चिनी वैद्यक चालतं की नाही, या वादात उतरायला चिनी यावं लागत नाही, वैद्यकही यावं लागत नाही. पक्ष तेवढा निवडावा लागतो. पुरावा मागाहून मिळतो, आणि सोय अशी की दोन्ही पक्षांना तो एकच मिळतो.

चिनी शास्त्रज्ञ तू यूयू बाईंचंच घ्या. व्हिएतनामच्या लढाईत चीनच्या मित्रांचे, म्हणजे उत्तर व्हिएतनामचे सैनिक गोळीपेक्षा मलेरियाने जास्त बेजार झाले, तेव्हा 1967 साली माओंच्या सरकारने औषध शोधायचा गुप्त प्रकल्प काढला. त्या प्रकल्पात बाईंनी जुन्या पोथ्या उपसल्या. चौथ्या शतकातल्या गे होंग यांनी लिहून ठेवलं होतं की छिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवावी, पिळावी आणि रस प्यावा. उकळायचं नाव नाही! बाईंच्या डोक्यात तिथे प्रकाश पडला. त्यांनी कमी उष्णतेवर ईथरमध्ये अर्क काढला. तो उंदरांना दिला, माकडांना दिला आणि मग स्वतः घेतला. 2015 साली त्यांना नोबेल मिळालं. समर्थक म्हणाले, ‘बघा, आमच्याकडे सोळाशे वर्षांपूर्वीच होतं!’ विरोधक म्हणाले, ‘बघा, ईथर आणि उंदीर येईपर्यंत सोळाशे वर्षं पडूनच होतं!’ मलेरियाच्या रोग्यांपैकी कुणी गोळी गिळण्याआधी ‘ही पोथीची की प्रयोगशाळेची?’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही.

विरोधकांचं दैवत म्हणजे लेखक लू शुन. त्यांचे वडील आजारी पडले तेव्हा गावच्या नामांकित वैद्याने औषधाबरोबर रातकिड्यांची एक जोडी सांगितली. जोडी कसलीही चालणार नव्हती. मूळचीच हवी, एकाच बिळातली. म्हणजे किड्यांनीसुद्धा एकपत्नीव्रत पाळलेलं असावं. (आपल्याकडे निदान पत्रिका फक्त माणसांच्या बघतात.) अंगावर सूज होती, म्हणून फाटक्या ढोलाच्या कातड्याच्या गोळ्याही आल्या. तर्क असा की पोट ढोलासारखं फुगलंय, म्हणून फुटका ढोल त्यावर उतारा. वडील गेले, मुलगा पुढे जपानला जाऊन वैद्यक शिकू लागला. चिनी वैद्य कळत-नकळत लोकांना फसवतात, असं मत त्याने नंतर लिहूनही ठेवलं.

समर्थकांचं दैवत माओ. चिनी वैद्यकाला त्यांनी राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला, रुग्णालयं दिली, महाविद्यालयं दिली. मात्र त्यांचे खासगी डॉक्टर ली झीसुई यांनी आठवणींत लिहिलंय की, आपण या औषधांचा प्रसार करतो, पण आपला त्यांच्यावर विश्वास नाही आणि आपण ती घेत नाही, असं अध्यक्षांनी त्यांना सांगितलं होतं. मराठी शाळांवर गहिवरून बोलणाऱ्या पुढाऱ्यांची मुलं कुठे शिकतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

वाद फारच चिघळला की पोलीस असतातच. 2017 साली ग्वांगझौच्या एका डॉक्टराने एका खपाऊ औषधी मद्याला ‘विष’ म्हटलं. इनर मंगोलियाचे पोलीस तिथवर आले आणि त्याला उचलून घेऊन गेले. तीनेक महिने तो कोठडीत होता. 2020 साली बीजिंग शहराच्या प्रशासनाने चिनी वैद्यकाची बदनामी करणाऱ्याला शिक्षा देणारा मसुदा काढला. ओरड झाली म्हणून ते कलम वगळलं. औषधाने रोग बरा होतो की नाही हे कळलं नसतं, पण शंका नक्कीच बरी झाली असती.

तिसरा पक्ष सज्जनांचा. ‘गुण नाही आला तरी अपाय तर नाही ना!’ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्सच्या एका वजन उतरवणाऱ्या दवाखान्यात हाच दिलासा होता. गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी भलतीच मुळी आली आणि शंभरावर बायकांची मूत्रपिंडं बिघडली.

आता शेवटचा पुरावा. हा मला सगळ्यात आवडतो. जर्मनीत 1162 पाठदुखीवाल्यांचे तीन गट केले. पहिल्याला ॲक्युपंक्चरच्या शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्याला भलत्याच जागी, वरवर टोचल्या. तिसऱ्याला नेहमीचे उपचार म्हणजे औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी शास्त्रोक्त सुयांनी 47.6 टक्के लोकांना आराम पडला होता, भलत्या सुयांनी 44.2 टक्के आणि नेहमीच्या उपचारांनी 27.4 टक्के. समर्थक म्हणाले, सुया जिंकल्या. विरोधक म्हणाले, बिंदू हरले. दोघंही बरोबर आहेत, आणि पाठ कुणाची का असेना, थोडी बरी झाली. हे आकडे 2007 साली छापून आले. त्याच्या आदल्याच वर्षी जर्मन सरकारी आरोग्यविम्याने पाठदुखीसाठी सुयांचा खर्च द्यायचं मान्य केलं. अट अशी की टोचणाऱ्या डॉक्टराने रीतसर प्रशिक्षण घेतलेलं असावं. भलत्या जागी टोचणाऱ्याला एक पैसाही मिळत नाही.